खुबा निखळला, वाटीही फुटली: घाई कशाची करायची, धीर कुठे धरायचा

घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री एखादी मोटार पुढच्या ट्रेलरवर आदळते. ड्रायव्हरशेजारचा माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, रक्तही फारसं गेलेलं नसतं. फक्त एक पाय विचित्र दिसतो. खुब्यात आणि गुडघ्यात वाकलेला, आत वळलेला, दुसऱ्या पायापेक्षा आखूड. सरळ करायला गेलं की माणूस ओरडतो. बघणाऱ्यांना वाटतं, मांडीचं हाड मोडलं. पुष्कळदा झालेलं वेगळंच असतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या वाटीतून मागे निसटलेला असतो आणि जाताजाता वाटीच्या मागच्या भिंतीचा तुकडा फोडून गेलेला असतो.

या दुखापतीत कामं दोन आणि त्यांची घड्याळंही दोन. गोळा वाटीत परत बसवणं हे तासांचं काम. फुटलेली भिंत जोडणं हे दिवसांचं. नातेवाइकांची धावपळ बहुतेक वेळा उलटी होते. पहिले सहा तास ‘चांगलं हॉस्पिटल कुठलं’ या फोनाफोनीत जातात आणि एकदा गोळा बसला की ‘आता ऑपरेशन आज रात्रीच उरका’ असा धोशा सुरू होतो.

भिंत फुटते कशी

खुब्याची वाटी तीन हाडं मिळून बनते. लहानपणी ती सुटी असतात, वयात येताना एकसंध होतात. वाटीच्या काठाला कूर्चेची एक कड असते, नळाच्या वॉशरसारखी. ती गोळ्याला घट्ट धरून ठेवते. वरून जाड पिशवीसारखं आवरण आणि त्यावर दणकट स्नायू. एवढ्या बंदोबस्तातून गोळा बाहेर पडायचा म्हणजे धक्का तसाच जबरदस्त लागतो. म्हातारपणी न्हाणीघरात घसरून जे मोडतं ती बहुधा मांडीच्या हाडाची मान, म्हणजे गोळ्याखालचा अरुंद भाग असतो, ही दुखापत नव्हे. ही मुख्यतः वेगाची दुखापत आहे.

मोटारीत पुढे बसलेल्या माणसाचा खुबा नव्वद अंशांत वाकलेला असतो. टक्कर झाली की गुडघा डॅशबोर्डवर आदळतो आणि सगळा जोर मांडीच्या हाडातून थेट वाटीच्या मागच्या भिंतीवर जातो. मोटारसायकलवाल्याचा गुडघा असाच समोरच्या गाडीच्या बंपरवर किंवा दारावर जातो. त्या क्षणी मांडी आतल्या बाजूला असेल, म्हणजे पायावर पाय टाकून बसलेला असेल, तर गोळा काठावरून घसरून नुसता निखळतो. मांडी सरळ किंवा जराशी बाहेर असेल तर गोळ्याला घसरायला वाट मिळत नाही आणि तो भिंत घेऊनच बाहेर पडतो. पाय डॅशबोर्डवर ठेवून बसायची सवय असलेल्यांचं काय होतं, ते आणखी वाईट असतं.

निखळलेले दहापैकी साधारण नऊ खुबे मागे निखळतात. पुढे निखळला तर पाय बाहेर वळलेला आणि फाकलेला दिसतो. भिंतीचा मोठा तुकडा फुटला असेल तर पाय इतका ठसठशीत आत वळलेला दिसेलच असं नाही. त्याच पायाच्या मांडीचं हाडही मोडलं असेल तर खुब्याची खूण पूर्ण झाकली जाते. सगळ्यांचं लक्ष मोडलेल्या मांडीकडे जातं आणि निखळलेला खुबा तसाच राहून जातो. म्हणून अशा प्रत्येक जखमीचा कमरेचा पूर्ण एक्स-रे काढतात. गुडघाही तपासायचाच असतो, कारण धक्का तिथूनच शिरलेला असतो. गुडघ्याची वाटी फुटलेली किंवा आतला मागचा लिगामेंट तुटलेला पुष्कळदा सापडतो.

पहिले सहा तास

घाई कशासाठी, ते गोळ्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. गोळ्याला रक्त पोचवणारी मुख्य धमनी बारीक असते आणि मांडीच्या हाडाच्या मानेला मागून बिलगून वर चढते. गोळा बाहेर राहतो तोवर ही धमनी ताणलेली, मुरगळलेली असते, बागेतल्या पाइपला पीळ पडावा तशी. पीळ लवकर सुटला तर पाणी पुन्हा वाहतं. उशीर झाला तर गोळ्यातलं हाड हळूहळू मरतं आणि काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी, गोळा खचायला लागतो. त्यालाच एव्हीएन म्हणतात. कोविडनंतर स्टिरॉइडच्या निमित्ताने हा शब्द बऱ्याच घरांत पोचला आहे. इथे कारण वेगळं, शेवट तोच. सहा तासांच्या आत गोळा बसला तर हा धोका कमी राहतो, पुढे तासागणिक वाढतो. सहा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. सात तास झाले म्हणून सोडून द्यायचं नसतं आणि दोन तासांत जमत असेल तर सहाची वाट बघायची नसते.

दुसरी काळजी सायटिक नसेची. अंगठ्याएवढी जाड ही नस वाटीच्या मागूनच खाली उतरते, म्हणजे नेमकी निसटलेल्या गोळ्याच्या आणि फुटलेल्या भिंतीच्या वाटेत. दहापैकी एकदोघांना नसेला मार बसतोच. बहुधा पाऊल वर उचलणारा भाग बधिर होतो आणि पाऊल लोंबकळतं. तपासणी सोपी आहे: ‘पायाचा अंगठा वर खेच’ असं सांगायचं. हे गोळा बसवायच्या आधी, बसवल्यावर, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, असं चारही वेळा बघून कागदावर लिहायचं असतं. आधीचं लिहिलेलं नसेल तर पाऊल अपघाताने पडलं की ऑपरेशनने, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

रस्त्यावर असाल तेव्हा पाय ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत उशी, जाजम, काही मिळेल ते टेकू लावून ठेवा. सरळ करू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे तर मुळीच नेऊ नका. मांडीच्या हाडाच्या मानेला फट असेल आणि कुणी जोर लावून पाय ओढला, तर गोळा मानेपासून सुटा होतो आणि मग तो वाचवणं फार अवघड. पाणी, चहा काही देऊ नका, कारण भूल द्यायची आहे. १०८ ला फोन करा, ती सेवा मोफत आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने ते संरक्षण दिलं आहे.

आता तो फोनाफोनीचा प्रश्न. वाटीचं ऑपरेशन सगळीकडे होत नाही, हे खरं. पण गोळा जागेवर बसवायला भूलतज्ज्ञ, एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञ एवढंच लागतं, आणि ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात ते पुष्कळ ठिकाणी मिळतं. म्हणून पहिल्या हॉस्पिटलात विचारायचा प्रश्न ‘ऑपरेशन इथे होईल का’ हा नसून ‘गोळा इथे बसवून मग पुढे पाठवता येईल का’ हा आहे. गोळा बाहेर असतानाच आनंदनगरच्या नाक्यावरून सायन किंवा केईएमला निघालं, तर दोन तास वाटेत आणि दोन तास तिथल्या प्रवेशात जातात. मांडीच्या हाडाच्या मानेला फ्रॅक्चर असेल किंवा प्रयत्न करूनही गोळा बसत नसेल, तेव्हा मात्र लगेच पुढे जाणंच बरोबर.

गोळा बसवताना माणसाला पूर्ण भूल किंवा खोल गुंगी देतात, कारण स्नायू सैल पडल्याशिवाय तो बसत नाही. एक मदतनीस कमरेची दोन्ही हाडं खाली दाबून धरतो. डॉक्टर खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून मांडीच्या रेषेत वर ओढत राहतात, झटका न देता, थोडं आतबाहेर फिरवत. ‘खट्’ आवाज होतो आणि पाय एकदम सरळ, मोकळा होतो. दोन-तीन प्रयत्नांत बसला नाही तर थांबायचं. वाटेत आवरण, स्नायू किंवा हाडाचा तुकडा अडकलेला असतो आणि जोर वाढवला की गोळ्यावरची कूर्चा खरवडते किंवा हाडाची मानच मोडते. मग उघडून बसवावं लागतं, आणि ते मात्र त्याच रात्री.

धीर कशाला धरायचा

गोळा बसला, एक्स-रे नीट आला, पाऊल हलतंय. इथे पहिलं घड्याळ थांबलं. आता मांडीच्या खालच्या टोकातून किंवा नडगीच्या वरच्या भागातून एक पिन आरपार घालून तिला वजन लटकवतात. त्याला ट्रॅक्शन म्हणतात. वजन माणसाच्या अंगयष्टीवर ठरतं, बहुधा पाच ते दहा किलोंच्या दरम्यान. हे वजन गोळ्याला फुटलेल्या कडेवर घासू देत नाही. नातेवाइकांना ते क्रूर दिसतं आणि कुणीतरी मायेने वजन खाली काढून ठेवतं. तसं करू नका. वजन जमिनीला किंवा पलंगाला टेकलेलं नसावं, दोरी चाकावरून सरळ जावी आणि टाचेखाली जखम होऊ नये म्हणून टाच अधांतरी ठेवावी, एवढं बघायचं.

ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी करतात. त्याची कारणं तीन. पहिल्या दोन दिवसांत फुटलेलं हाड भळभळ वाहत असतं, तेव्हा उघडलं तर रक्त जास्त जातं. शिवाय डोकं, छाती, पोट यांतली लपलेली दुखापत या दिवसांत कळून येते. आणि सीटी स्कॅन नीट बघून बेत आखायला, योग्य प्लेटी मागवायला, रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवायला वेळ लागतो. उलट दोन-तीन आठवडे उलटले की तुकड्यांभोवती नवं हाड धरू लागतं, कडा गोल होतात आणि तुकडा मुळात कसा बसत होता तेच ओळखू येत नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यात घाई नको आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळणंही नको.

पैशाच्या बाबतीत हा आठवडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. तिच्यात माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, पण अपघाताच्या तारखेपासून फक्त ७ दिवस आणि योजनेत असलेल्या हॉस्पिटलात. ऑपरेशन पाचव्या दिवशी ठरवलं आणि हॉस्पिटल बदलण्यात तीन दिवस गेले, तर योजना हातची जाते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी गाठा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. अपघाताची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद झाली आहे ना, तेही तेव्हाच बघा. पुढे भरपाईच्या दाव्यात तोच कागद पहिला मागतात.

काही प्रसंगी मात्र दिवसांची मुभा नसते. गोळा बसतच नसेल, बसवल्यावर ट्रॅक्शन लावूनही पुन्हा निसटत असेल, बसवल्यानंतर पाऊल नव्याने लुळं पडलं असेल, किंवा जखम उघडी असेल, तर तातडीनेच उघडावं लागतं.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं का

नाही. सीटी स्कॅन गोळा बसवल्यानंतर काढतात आणि निर्णय त्यावर होतो. साध्या समोरच्या एक्स-रेत मागची भिंत गोळ्यामागे लपते. म्हणून माणसाला ४५ अंशांत एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर कलवून आणखी दोन एक्स-रे काढायची रीत आहे. रोबेर ज्युडे आणि एमिल लेतुर्नेल या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी ती रूढ केली. वाटीच्या फ्रॅक्चरचे दहा प्रकार, पाच साधे आणि पाच मिश्र, ही त्यांची १९६४ सालची वर्गवारी आजही जगभर वापरतात. मागच्या भिंतीचं फ्रॅक्चर त्यांच्या यादीत ‘साध्या’ गटात आहे आणि तेच सगळ्यात जास्त आढळतं. साधं हे नाव मात्र फसवं आहे. प्लेट सुरेख बसली तरी सांधा काही वर्षांत झिजतो, असं या साध्या फ्रॅक्चरमध्ये वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. त्याचं कारण पुढे येईल.

सीटीत चार गोष्टी बघतात. भिंतीचा किती हिस्सा फुटला? पाचव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर खुबा बहुधा स्थिर राहतो, निम्म्याच्या आसपास किंवा जास्त असेल तर तो राहत नाही. मधल्यांचं काय, हे स्कॅनवर ठरवता येत नाही. तेव्हा भूल देऊन, खुबा वाकवून आणि मागे दाबून, सी-आर्मवर, म्हणजे टेबलाशेजारच्या हलत्या एक्स-रे यंत्रावर, गोळा सरकतो का ते प्रत्यक्ष बघतात. दुसरं, सांध्यात हाडाचा तुकडा अडकलाय का? अडकला असेल तर गोळा आणि वाटी यांच्यातली फट एका बाजूला रुंद दिसते. तो तुकडा म्हणजे बेअरिंगमधला खडा, काढलाच पाहिजे. तिसरं, गोळ्याला स्वतःला फ्रॅक्चर आहे का? चौथी गोष्ट सगळ्यात निसटणारी. फुटीच्या कडेला वाटीचा कूर्चेसकट काही भाग आतल्या भुसभुशीत हाडात दाबला गेलाय का? भिजलेल्या मातीत फरशी एका कोपऱ्यावर दाबली की ती तिरकी आत जाते, तसं. भिंतीचा मोठा तुकडा परत लावला पण ही तिरकी फरशी तशीच राहिली, तर एक्स-रे सुंदर दिसतो आणि सांधा मात्र खडबडीत राहतो.

तुकडा लहान, खुबा स्थिर, सांध्यात काही अडकलेलं नाही, सांध्याच्या पृष्ठभागावर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी नाही, अशा माणसाला ऑपरेशन न करता सांभाळता येतं.

टेबलावर काय चालतं

कापण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिकचा डोस जातो, रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झामिक अॅसिडही बहुतेक ठिकाणी देतात. माणसाला पालथं किंवा कुशीवर घेतात. गुडघा काटकोनाच्या आसपास वाकवलेला आणि खुबा सरळ, ही स्थिती ऑपरेशनभर सांभाळायची, कारण तशात सायटिक नस सैल असते. दोन-तीन तास हा पाय धरून उभा राहणारा मदतनीस कंटाळला आणि गुडघा सरळ झाला, तर नस ताणली जाते. ऑपरेशनमध्ये नसेला होणारी इजा बरेचदा अशी होते, सुरीने नव्हे.

छेद कुल्ल्यावरून तिरका खाली येतो, खुब्याबाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावरून मांडीच्या बाहेरच्या बाजूने उतरतो. या वाटेला कोखर-लांगेनबेक म्हणतात. यातले कोखर हे स्विस, १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं, तेही थायरॉइडच्या कामासाठी. कुल्ल्याचा मोठा स्नायू धाग्यांच्या दिशेने दुभागतात, कापत नाहीत. खाली आडवे छोटे स्नायू लागतात आणि त्यांच्यावरून पिवळसर पांढरी सायटिक नस जाताना दिसते. पहिलं काम तिला डोळ्यांनी बघणं. मग दोन आडवे स्नायू हाडापासून साधारण दीड सेंटिमीटर अंतर सोडून कापतात, त्यांना टाके घालून मागे उलटतात. त्यातला एक स्नायू नसेवर गादीसारखा पसरतो. दीड सेंटिमीटर सोडायचं कारण तीच गोळ्याची धमनी. ती हाडाला लागूनच वर चढते. खालचा चौकोनी स्नायू तर अजिबात कापायचा नसतो, धमनी त्याच्या आडोशाने येते. सहा तासांत गोळा बसवून जे वाचवलं, ते इथे अर्ध्या सेंटिमीटरच्या लोभाने घालवता येतं.

आता भिंतीचा तुकडा. तो आवरणाला चिकटलेला असतो आणि त्याला रक्त तिथूनच मिळतं, म्हणून तो आवरणापासून सोडवत नाहीत, दारासारखा बाजूला उघडतात. पाय ओढून गोळा जरासा दूर करतात, सांधा सलाइनने धुतात, सीटीत मोजलेले सगळे सुटे तुकडे बाहेर आले का ते पडताळतात. मग ती आत दाबली गेलेली फरशी. गोळा वाटीत परत नीट बसवतात आणि त्यालाच साचा धरून, आत गेलेला भाग हाडासकट पटाशीने उचलून गोळ्याला टेकवतात. खाली पोकळी राहते. तिथे त्याच खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यातून काढलेलं भुसभुशीत हाड ठासतात, नाहीतर उचललेला भाग पहिल्याच महिन्यात परत खचतो.

त्यावर भिंतीचा तुकडा बसवतात. तो टोकदार दांड्याने दाबून धरायचा, बारीक तारांनी तात्पुरता अडकवायचा, जमल्यास साडेतीन मिलिमीटरचे एक-दोन स्क्रू घालायचे. नुसत्या स्क्रूंवर भिंत टिकत नाही. म्हणून वर सात-आठ भोकांची, हवी तशी वळवता येणारी प्लेट येते, खाली बसायच्या हाडापासून वर कमरेच्या हाडापर्यंत, भिंतीला टेकू देणारी. प्लेट हाडाच्या वळणापेक्षा किंचित कमी वळवलेली ठेवतात. दोन्ही टोकांचे स्क्रू आवळले की मधला भाग भिंतीवर दाब देतो. काठाचे तुकडे फार लहान असतील तर आधी त्यांच्यावर टोक वाकवलेली एक छोटी स्प्रिंग प्लेट ठेवतात आणि मोठी तिच्यावरून नेतात.

सगळ्यात नाजूक प्रश्न स्क्रूच्या दिशेचा. वाटी अर्धगोल आहे, म्हणून मागून सरळ आत घातलेला स्क्रू सांध्यात निघू शकतो. तो सांध्यापासून दूर तिरका जावा लागतो. शेवटी सी-आर्मवर निरनिराळ्या कोनांतून बघतात आणि खुबा सगळ्या दिशांना फिरवून करकर लागते का ते हाताला जाणवून घेतात. सांध्यात राहिलेला एक स्क्रू काही आठवड्यांत गोळ्यावरची कूर्चा खरवडून काढतो. बंद करण्याआधी चिरडून काळा पडलेला स्नायू काढून टाकतात, कारण अशा मेलेल्या स्नायूतच पुढे नको तिथे हाड वाढतं.

वय झालेल्या, ठिसूळ हाडाच्या माणसात भिंतीचा चुरा झाला असेल किंवा गोळाही फुटला असेल, तर जोडाजोड टिकत नाही. तिथे भिंतीला आधार देऊन त्याच वेळी सांधा बदलणं जास्त शहाणपणाचं ठरतं. तिशीतल्या माणसाला मात्र आपला सांधा वाचवायची संधी दिलीच पाहिजे.

सर्जन निवडताना ‘गुडघे किती बदललेत’ हे विचारून उपयोग नाही. वाटीची ऑपरेशनं वर्षाला किती करता, हा प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

नंतरचे तीन महिने

चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. सत्तर किलोंच्या माणसाचा तो दोनशे किलोंच्या आसपास जातो. म्हणून सहा ते आठ आठवडे, कधी बारा, वॉकर किंवा कुबड्यांवर फक्त पंजा टेकवून चालायचं. यात एक गंमत आहे. पाय पूर्ण उचलून लटकवत चालणारे रुग्ण स्वतःला जास्त काळजी घेणारे समजतात. पण लटकता पाय धरून ठेवायला खुब्याचे स्नायू आवळले जातात आणि गोळा वाटीत दाबला जातो. पंजा हलका टेकवला तर भार उलट कमी येतो. किती टेकवायचा याचा अंदाज घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून घेता येतो.

सहा आठवडे खुबा नव्वद अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. आपल्याकडे हे जड जातं. भारतीय पद्धतीचा संडास, पाटावरचं जेवण, मांडी घालून पूजा, सगळं बंद. घरी येण्याआधी उंच कमोड किंवा कमोडची खुर्ची आणा. झोपताना दोन पायांमध्ये उशी. खुर्ची अशी उंच, की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. रिक्षाची सीट बुटकी आणि खड्डे आपले ठाण्याचे, तेव्हा फॉलोअपला मोटारीच्या पुढच्या सीटवर, सीट मागे सरकवून आणि पाठ कलती करून जा. कोपरी, कळव्यातल्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तीन महिने तळमजल्यावरच्या नातेवाइकाकडे काढणं रोज जिना चढण्यापेक्षा बरं.

पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज एक बारीक इंजेक्शन किंवा गोळी चार-सहा आठवडे चालते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती मध्येच सोडू नका. पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. नको तिथे हाड वाढू नये म्हणून काही डॉक्टर इंडोमेथॅसिन हे सूज उतरवणारं औषध सहा आठवडे देतात, काही तीन दिवसांच्या आत रेडिएशनचा एकच डोस देतात, काही दोन्ही टाळतात. इंडोमेथॅसिन पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतं, हाड जुळायलाही अडथळा करू शकतं. म्हणून मतं वेगळी आहेत आणि तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

पाऊल लोंबकळत असेल तर ते काटकोनात धरणारा पट्टा पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर नस जागी होईपर्यंत टाचेची शीर आखडून बसते. नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या चालीने वाढते. कुल्ल्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंतचं अंतर बघितलं तर वर्ष-दीड वर्ष का लागतं ते कळतं. काहींचं पाऊल पूर्ण परत येतं, काहींचं अर्धवट.

दुखणं कुठे आहे तेही सांगता यायला हवं. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक जांघेत जाणवतं. कुल्ल्यातली कळ पुष्कळदा कंबरेची किंवा टाक्यांची असते. सहा महिन्यांनी, वर्षाने जांघेत नव्याने दुखू लागलं तर एक्स-रे काढाच. एव्हीएन दोन वर्षांपर्यंत केव्हाही डोकं वर काढू शकतो, म्हणून तोवर तरी फॉलोअप सोडायचा नसतो. सांधा झिजण्याचं प्रमाण उत्तम ऑपरेशननंतरही पाचांत एकाच्या आसपास आहे. अपघाताच्या क्षणी कूर्चेला जो मार बसतो तो कुठल्याही प्लेटीने भरून येत नाही. तसं झालं तर सांधा बदलता येतो. तेव्हा जुना जंतुसंसर्ग दडून बसलेला नाही ना, हे आधी रक्ततपासणीने आणि गरज पडली तर सांध्यातलं पाणी काढून बघतात.

‘हाड जुळलं, आता प्लेट काढून टाकू का?’ हा वर्षभराने हमखास येणारा प्रश्न. सहसा काढत नाहीत. काढायची तर त्याच नसेच्या शेजारून, आता वणाने चिकटलेल्या जागेतून पुन्हा जावं लागतं. संसर्ग झाला, स्क्रू सांध्यात असल्याचं कळलं किंवा सांधा बदलायची वेळ आली, तरच. आत राहिलेली प्लेट स्टीलची आहे की टायटेनियमची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावून ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली की तिथला तंत्रज्ञ पहिला प्रश्न तोच विचारतो.